आवक क्रमांक ४१७

३ मार्च, दुपारी

टाचणी,

पाकिटावर लाल पेनाने दोनदा 'खासगी' लिहिलंय, म्हणजे तूच फोडशील. तुझ्या नव्या खोलीचा पत्ता माझ्याकडे नाही. फोन लागत नाही. म्हणजे जगाला लागतो, मला लागत नाही. शेवटी तुझा पत्ता वर्तमानपत्राने दिला. झाकणांची कंपनी बुडाली, कोर्टाने तिच्यावर प्रशासक नेमला, ज्यांचं ज्यांचं येणं आहे त्यांनी पुराव्यासह दावा करावा, अशी जाहिरात होती आणि खाली प्रशासकांच्या कचेरीचा पत्ता. तू तिथेच कामाला लागलीस, हे वर्गातल्या ढोल्याकडून कळलं होतं. जाहिरात वाचून बाबा कपाळाला हात लावून बसले आणि मी, खरं सांगतो, आधी खूश झालो. असा नालायक मी.

मुद्द्याचं बोलतो. बाबांनी त्या कंपनीला बाटल्यांच्या झाकणांचे चार साचे करून दिले. त्यातले अठरा लाख अजून यायचेत. पोलाद घ्यायला बँकेचं कर्ज काढलंय आणि कारखाना तारण आहे. कारखाना म्हणजे काय, तू पाहिलायस: दोन लेथ, एक मिलिंग, बाबा, आणि कॉलेज सोडल्यापासून मी. हे पैसे आले नाहीत तर बाबा साठाव्या वर्षी दुसऱ्याच्या दारात कानस घेऊन उभे राहतील. दावा भरलाय. तू फक्त साहेबांच्या कानावर एक शब्द घाल. फाइल ढिगात वर ठेवलीस तरी पुरे. तू पेनाचं टोपण दातात धरून विचार करतेस ना, तसा एक मिनिट कर, आणि मग ठेव.

फळीवरच्या उलट्या बाटल्या अजून आहेत. आठवतं? साच्यातून निघालेलं पहिलं झाकण पाण्याने भरलेल्या बाटलीला घट्ट लावायचं, झाकणापासून बाटलीपर्यंत कागदाची पट्टी डकवायची, पट्टीवर गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घ्यायची आणि बाटली डोक्यावर उभी करून ठेवायची. सही झाल्याशिवाय साचा गाडीत चढत नाही. बाबांच्या उस्तादांची रीत. तू बघून म्हणाली होतीस, "ह्या घरात डोक्यावर उभ्या आहेत त्या फक्त बाटल्याच नाहीत." आई आठवडाभर हसत होती.

शब्द घालशील ना?

शिट्टी

१९ मार्च

मॅडम,

आपल्या कचेरीचं पत्र पोचलं. दावा नामंजूर. आभारी आहोत.

कारणं दोन दिलीत. एक, झाकणं गळतात अशी कंपनीची तक्रार आधीपासून नोंदलेली आहे, म्हणून रक्कम वादातली. दोन, 'दावेदाराने स्वतःच्या सहीच्या पत्राद्वारे सदर रक्कम सोडून दिली आहे.' आणि पुरावा म्हणून कंपनीच्या फायलीतलं ते पत्र छापलंय:

"आमचे साचे भंगार वाटत असतील तर तुमचे पैसे आम्हाला विषासमान आहेत. एक पैसाही नको. ठेवा तुमच्याजवळच, म्हातारपणी काठी घ्यायला होतील."

आता मला सांग, हे काय दावा सोडल्याचं पत्र झालं? भांडताना माणूस म्हणतो, 'तुझं तोंड पुन्हा बघणार नाही.' म्हणून दुसऱ्या दिवशी डोळ्यांना फडकं बांधून हिंडतो का? तुमच्या कचेरीत कुणाला राग येतच नाही? की तिथे नोकरीला लागताना राग दारात काढून ठेवतात, चपलांसारखा?

एक शब्द मागितला होता तुझ्याकडे. एकच. ओळख नाही असं तोंडावर सांगितलं असतंस तर निदान कळलं तरी असतं. ढोल्याला मी सांगत होतो, ती तशी नाही. तो म्हणाला, "शिट्ट्या, ती तशीच आहे, तू तसा नाहीस." त्याच्या बोलण्याचा अर्थ मला अजून लागला नाही, पण त्याला दोन दिवस चहा पाजलेला नाही.

नवीन पुरावा असेल तर पंधरा दिवसांत आणा, असं शेवटी लिहिलंय. पुरावा! बाबांच्या हाताला पडलेले घट्टे पाठवू का, टाचणी लावून?

ते पत्र कुणी लिहिलं असेल ते असो. प्रश्न तो नाही.

२३ मार्च, सकाळी

टाचणी,

आधीचं पत्र मागे घेतो. नाही, सगळं नाही घेत. चपलांचं घेतो.

आज जे लिहितोय ते फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून झालं की फाड.

तुमचं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचलं. मग म्हणाले, "पण हे पत्र मी लिहिलंच नाही."

आई म्हणाली, "विसरला असाल. रागात होता तेव्हा."

"मी रागात असं लिहीत नाही. मी रागात जेवत नाही." हे खरं आहे.

मग बाबांनी सहीवर बोट ठेवलं. "सही माझ्यासारखी आहे, पण माझी नाही. माझ्या हाताचा अंगठा चेपल्यापासून शेवटचा फराटा खाली उतरतो. हा वर गेलाय. कुणीतरी माझी सही केलीय." आणि पाच मिनिटांत त्यांनी चोर पकडलासुद्धा. कंपनीचा खरेदीसाहेब. ज्याने त्यांना दीड वर्षापूर्वी फाटकापाशी तीन तास उभं करून, सगळ्या ड्रायव्हरांसमोर 'भंगार' म्हटलं होतं, तोच. "पैसे बुडवायला ह्यानेच खोटं पत्र फायलीत घातलं." सोमवारी वकिलाकडे जाणार आहेत. त्या माणसाने खोटी सही केली, असं शपथेवर लिहून देणार आहेत.

आणि मी समोर बसून पॉलिश पेपरने एकच पट्टी अर्धा तास घासत होतो.

ते पत्र मी लिहिलं.

बाबा त्या दिवशी फाटकावरून परत आले, ताटावर बसले आणि न जेवता उठले. मला शेजारच्या टपरीवाल्याकडून कळलं काय झालं ते. माझं डोकं फिरलं. कारखान्याचं छापील पॅड घेतलं, खडाखडा लिहिलं, आणि खाली बाबांची सही ठोकली. ती मला येते. कॉलेजात रजेचे अर्ज कोण भरत होतं असं वाटलं तुला? पत्र स्वतः जाऊन फाटकावर दिलं. शिक्का मारून पोच घेतली. केवढा शूर.

आणि आता तुला माहीत नसलेली गोष्ट. त्या दुपारी मी दोन पत्रं लिहिली. एकाच पेनाने, एकाच बैठकीत. दुसरं तुला. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, "परीक्षा दे आणि मग बाबांना मदत कर, दोन महिन्यांनी कारखाना पळून जाणार नाही." मला त्यात माझ्या बाबांचा अपमान दिसला. त्या दिवशी मला पंख्यातसुद्धा अपमान दिसत होता. म्हणून लिहिलं, 'तुझा अभ्यास तुला लखलाभ. आजपासून तुझं-माझं काही नाही. उत्तर पाठवू नकोस, न वाचता फाडीन.'

तू पाठवलं नाहीस. कंपनीनेही पाठवलं नाही. दोघांनी माझं म्हणणं अक्षरशः खरं धरलं. दीड वर्ष मी रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तो बिचारा माझ्याकडे, की ह्याला माझ्याकडून काय हवंय.

सोमवारच्या आत मला बाबांना सांगायला हवं, नाहीतर ते शपथेवर खोटं बोलतील आणि त्यांना ते खोटं आहे हे माहीतही नसेल. रोज सकाळी ठरवतो. चहा होईपर्यंत ठरलेलं असतं. काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन. कुणाला बोलू नकोस.

तुझा
शिट्टी

२८ मार्च

वा, टाचणी. वा!

माझं पत्र फोडलंस, वाचलंस, आणि त्यावर शिक्का मारलास. आवक क्रमांक ४१७. आधीच्या दोन्हींवर पण मारलास, ३६२ आणि ४०३. तिन्हींच्या झेरॉक्स काढून, 'दावेदाराच्या बाजूने प्राप्त कागदपत्रांची प्रत माहितीसाठी' असं वर लिहून, रजिस्टर पोस्टाने दावेदाराला पाठवल्यास. दावेदार म्हणजे कोण? माझे बाबा!

ह्या पत्रावरही मार शिक्का. दोन मार.

शनिवारी पाकीट आलं. मी लेथवर होतो. बाबांनी चष्मा लावला आणि स्टुलावर बसून पहिल्यापासून वाचायला घेतलं. लेथच्या आवाजात मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात वर करून मशीन बंद करायला सांगितलं.

"टाचणी कोण?"

मी लेथवरचा कीस झटकायला लागलो.

"ती पातळशी? आली होती एकदा. बाटल्यांवरून काहीतरी बोलली होती."

"हो."

"पेनाचं टोपण तोंडात धरते?"

मी जमिनीत जायचा बाकी होतो. आई दारात आली, तिला वाटलं मशीन बिघडलं. बाबा तिला म्हणाले, "थांब, तिसरं पत्र राहिलंय." आणि तिसरं वाचलं. मनातल्या मनात. दोनदा. शेवटी घडी घातली, खिशात ठेवली.

मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी सोमवारी एका माणसाला शपथेवर चोर ठरवणार होतो."

एवढंच. मग जेवले नाहीत.

रविवारी सकाळी मी उठलो तर ते फळीपुढे उभे. त्या कंपनीच्या चार बाटल्या काढून टेबलावर ओळीने ठेवल्या होत्या, उलट्याच. पट्ट्यांवर खरेदीसाहेबाच्या सह्या, तारखा. तीन बाटल्या पूर्ण भरलेल्या, दोन वर्षं होत आली तरी. चौथीतलं पाणी निम्म्यावर आलेलं आणि पट्टीच्या कडेला पिवळा डाग.

मी म्हटलं, "बाबा, चौथीत बारीक सुई घालून पाणी भरता येईल. पट्टीला धक्का लागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सुई हा शब्द आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

"चौथा साचा गळतो," ते म्हणाले. "त्यांची तक्रार एका साच्यापुरती खरी होती. मीही रागात होतो, बाटली बघायला गेलोच नाही."

३१ तारखेला आम्ही दोघं तुमच्या कचेरीत येतोय. साहेबांनी माझं शपथपत्र मागितलंय. खोटी सही केल्याचं. वकील म्हणतात, ह्यातून दुसरं प्रकरणही उभं राहू शकतं. राहू दे. तू खुर्चीत असशील ना? नीट बघ.

२ एप्रिल

टाचणी,

तू पाहिलं नाहीस. तरीही सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. ढोल्याला सांगितलं असतं, पण त्याचा चहा अजून बंद आहे.

चार बाटल्या उलट्या धरून बसने येणं म्हणजे काय, ते विचारू नकोस. दोन बाबांच्या मांडीवर, दोन माझ्या. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "औषध आहे का?" बाबा म्हणाले, "पुरावा आहे." बाई सरकून बसल्या.

तुमच्या बाहेरच्या बाकावर एक माणूस आधीच बसला होता. शर्ट इस्त्रीचा, पण कॉलर झिजलेली. बाबा थबकले. मी ओळखलं नसतं, पण बाबांचा चेहरा बघून ओळखलं. खरेदीसाहेब. हातात पिवळी फाइल. त्याचा अकरा महिन्यांचा पगार अडकलाय, तोही दावेदार.

बाकावर जागा एवढीच होती. बाबा त्याच्या शेजारी बसले. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत. मग त्याची नजर बाटल्यांवर गेली.

"अजून ठेवल्यात?"

"ठेवतो आम्ही."

त्याने एक बाटली हातात घेतली. पट्टीवरची सही अंगठ्याने चाचपली. "माझीच." "त्या दिवशी फाटकावर मी जे बोललो... वरून हुकूम होता. पैसे नव्हते, म्हणून माल वाईट ठरवायचा. चौघांना तसं बोललो मी त्या आठवड्यात. तीन साचे शेवटच्या दिवसापर्यंत चालले, दोन पाळ्यांत. चौथा तेवढा..."

"गळतो," बाबा म्हणाले.

"गळतो," तो म्हणाला. आणि दोघं हसले! शप्पथ. दीड वर्ष मी ज्या माणसाला मनात रोज लाथा घातल्या, त्याच्याबरोबर बाबा गळक्या झाकणावर हसत होते. तो आत आला आणि त्याने तेच साहेबांसमोर लिहून दिलं. ह्याच माणसाला आम्ही चोर ठरवणार होतो.

मग माझी पाळी. शपथपत्र मोठ्याने वाचायला लावलं. 'सदर पत्र माझ्या वडिलांच्या नकळत मी लिहिले व त्यावर त्यांची सही मी केली.' शेवटी माझी स्वतःची सही. पेन टेकवलं आणि हात अडला. बाबांची सही मला झोपेतही येते, माझी कधी नीट बसवलीच नव्हती मी. दोनदा करावी लागली.

साहेब म्हणाले, "हे आधीच सांगितलं असतं तर दावा नामंजूर करायची वेळ आली नसती."

मी म्हटलं, "आधी एवढा धीर नव्हता, साहेब."

"मग आता कुठून आला?"

मी म्हटलं, "तुमच्या आवक-नोंदीतून."

ते हसले नाहीत. शेजारचे कारकून हसले. मी त्यांनाच हळूच विचारलं, त्या बाई कुठे आहेत, माझं पत्र फोडणाऱ्या? मनात होतं, दिसलीस की दोन शब्द सुनवायचे. ते म्हणाले, "त्या या फायलीला हात लावत नाहीत. तुमचा दावा आला त्याच दिवशी लेखी दिलंय त्यांनी, ओळख आहे म्हणून. तुम्ही येणार म्हणून आज मागच्या खोलीत बसल्यात. पाकिटं मीच फोडतो. दावेदाराकडून आलेला कागद, नोंद केल्याशिवाय ठेवता येत नाही. तुमचं २३ तारखेचं पत्र मी त्यांना दाखवलं. म्हटलं, बाई, यावर 'खासगी' लिहिलंय, काय करू? त्यांनी पेनाचं टोपण दातात धरलं. मग म्हणाल्या, 'नियम आहे तसं करा. त्या माणसाचा दावा वाचवणारा हाच एक कागद आहे.'"

त्यांनी टेबलावरची फाइल चाळताना तुझा तो फॉर्म मला दिसला. उलटा दिसला, पण मला आता उलटं वाचायची सवय आहे. 'दावेदार पक्षाशी संबंधाचे स्वरूप' असा एक रकाना होता. तारीख ५ मार्च. त्यापुढे तुझ्या अक्षरात एकच शब्द.

'जवळचे.'

दीड वर्षांनंतर. 'तुझं-माझं काही नाही' हे माझं घाणेरडं पत्र हातात असताना. साहेबांना वाचायच्या कागदावर.

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. बंद होतं. ठोठावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं आणि मी केलं नाही.

शिट्टी

१५ मे

टाचणी,

काल दोन पाकिटं आली.

पहिलं कचेरीचं. तीन साच्यांचा दावा पूर्ण मान्य. चौथ्याची रक्कम बाबांनी स्वतः सोडली, या वेळी स्वतःच्या सहीने, फराटा खाली. माझ्यावर पुढे काही कारवाई नको, अशी प्रशासकांनी कोर्टाला शिफारस केलीय. हाती किती येईल? आधी बँका, मग बाकीचे, शेवटी आमच्यासारखे. वकील म्हणतात शंभरातले सहा-सात मिळाले तर नशीब. मी आकडा ऐकून तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हाताने थांबवलं. ते पत्र वाचत होते. एक ओळ त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवली. 'तीन साचे मान्य नमुन्याप्रमाणे व निर्दोष असल्याचे दिसून येते.'

"काय?" आई म्हणाली. तिने ऐकलं होतं. मुद्दाम विचारलं.

बाबांनी पुन्हा वाचलं. आणि जेवायला बसले. तीनदा वाढून घेतलं.

तो मान्य दावा घेऊन बाबा बँकेत गेले. हप्ते लांबवून मिळाले. एक लेथ विकायला लागेल, एक राहील. खरेदीसाहेबाला दुसऱ्या कंपनीत काम लागलंय. त्याने एका साच्याचं विचारलंय, आगाऊ पैसे देऊन. बाबांनी बाटली धुऊन ठेवलीय. परीक्षेचा अर्ज मी भरला, नोव्हेंबरचा. पालकांची सही बाबांनी केली. त्यांनी स्वतः.

आता दुसरं पाकीट. आत माझं २३ मार्चचं मूळ पत्र. कारकुनांची चिठ्ठी आहे, शपथपत्र आल्यामुळे मूळ कागदाची गरज उरली नाही, खासगी असल्याने परत करत आहोत. सगळं नियमाप्रमाणे. पण पाकीट कारकुनांनी लिहिलेलं नव्हतं. अक्षर मला ओळखता येतं. आणि मागच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी, कचेरीचा शिक्का नव्हता. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली, असा पत्ता होता.

आई म्हणाली, "चुकून लिहिला असेल." बाबा म्हणाले, "ती मुलगी चुकून काही लिहीत नाही."

तेव्हा हा माझा दावा. मुदत केव्हाच उलटून गेलीय, पण योग्य कारण दिलं तर उशिराचा दावाही विचारात घेतात, हे तुमच्याच नोटिशीत वाचलं. कारण: दावेदार रागीट आणि मूर्ख होता. पुरावा: तुझ्याकडे आहे, माझ्याच सहीचा. दीड वर्षापूर्वीचं ते पत्र मी मागे घेतो. पूर्ण. शंभरातले सहा मिळाले तरी तक्रार नाही.

हे पत्र पहिल्यांदाच तुझ्या खोलीवर येतंय. ह्यावर कुणी क्रमांक घालणार नाही. शिक्का मारायचा की नाही, तू ठरव.

उत्तर पाठव. फाडणार नाही.

शिट्टी